मदत हवी आहे : स्वयंघोषित वीराचा भ्रम शेवटी मोडावा का?

नमस्कार मंडळी. माथेफिरू शास्त्रज्ञांवर एक विनोदी साहसकथा लिहितेय आणि नायकापाशी येऊन अडलेय. हा गडी स्वतःला जगाचा तारणहार समजतो. प्रयोगशाळेचं दार सताड उघडं असलं तरी खिडकीतूनच उडी मारतो, कारण वीर दारातून येत नाहीत अशी त्याची पक्की समजूत. आतल्या शास्त्रज्ञ बाई चाहूल लागताच चंचुपात्रं गुपचूप बाजूला सरकवतात.

इथवर जमलंय. पण पुढे पुढे तो नुसता मठ्ठ वाटायला लागतो. हसू येतं, जीव जडत नाही. आणि मला तर तो मनापासून आवडतो! तो खोटारडा नाही, भित्रा तर मुळीच नाही.

सर्व्हान्तेसची 'डॉन किहोते' ही स्पॅनिश कादंबरी पुन्हा काढली. तिचा नायक किहोतेही स्वतःला वीर समजतो. १६०५ च्या पहिल्या भागात तो पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडतो. १६१५ च्या दुसऱ्या भागात मात्र भेटणाऱ्या काहींनी त्याची कथा आधीच वाचलेली असते आणि तेच त्याच्या भ्रमाला खतपाणी घालतात. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. माझ्या शास्त्रज्ञांनाही तोडीचा शत्रू हवाच असणार, मग त्यांनीच त्याला वीर मानलं तर?

खरा पेच शेवटाचा आहे. किहोते शुद्धीवर येतो आणि मरतो. एवढं दुःख माझ्या कथेला पेलणार नाही. भ्रम तसाच ठेवून त्याच्या हातून एक खरंखुरं धाडस घडवलं तर पटेल का? ते त्याला स्वतःला कळावं की नाही? विनोदी लेखन किंवा नाटक केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.