दाण्याचं कूट, पाकिटं आणि घरची शाळा

मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, त्यात त्याला घरीच शिकवताय. दिवस ओट्यापाशी जातो, तर अभ्यास कधी घ्यायचा, असं विचारलंत. आमच्याकडे इंदूरला हेच. मराठी घर म्हणजे कूट कोशिंबिरीत, भाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत. बाहेर पडावं तर पोह्यांतही दाणे. मी कुटाचा डबाच घरातून काढला. खिचडीत ओलं खोबरं घालते. सासूबाई रुसल्या, मग सवय झाली.

अभ्यासाला वेगळी वेळ काढूच नका. माझी लेक पाकिटावरची घटकांची यादी मोठ्याने वाचते, तोच आमचा वाचनाचा तास. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे शेंगदाणे, दूध, सोया, ग्लुटेनवाली धान्यं असतील तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. पण सराफ्यातल्या, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, गाडीवर कसलं आलंय लेबल! तिथे लेकच विचारते, "काका, तेल कौनसा?" नीट रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, घाण्याच्या तेलात राहतात, आणि अ‍ॅलर्जी त्या प्रथिनांचीच. पण एकाच कढईत काय काय तळलंय कोण सांगणार? म्हणून तळणीचं आम्ही बाहेर खातच नाही.

गहू चालत नसेल तर बांधणी, म्हणजे पीठ मिसळलेल्या, हिंगाची डबीही वाचा, त्यात बरेचदा मैदा असतो. दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, वाढतं वय आहे. दहावीची काळजी आत्ता नको; एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेमधून, १४ वर्षं पूर्ण झाल्यावर परीक्षेला बसता येतं.