ग्राफिक कार्ड बदलताना एसएमपीएसही बदलायचा का? ५५० वॅट विरुद्ध ७५० वॅट

जुना_रिग
मशीन असे आहे: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक हार्ड डिस्क, तीन पंखे. जीटीएक्स १६६० सुपर काढून आरटीएक्स ५०७० लावायचे आहे. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमता दर्जाचा, सहा वर्षे जुना. वॉरंटी पाच वर्षांची होती, ती संपली. लेबलवर १२ व्होल्टला ४४ अँपिअर लिहिलेत. आठ पिनांचे दोन कनेक्टर आहेत, पण एकाच केबलवर. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॅट सांगते. माझ्या मते ७५० चा नवा न घेता आहे त्यावर चालायला हवे. पटत नसेल तर कारणासकट सांगा.

बारा_व्होल्ट
चालेल. ४४ गुणिले १२ म्हणजे ५२८ वॅट, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर आहे. तुमच्या एसएमपीएसबद्दलची सगळ्यात चांगली गोष्ट हीच. कॅबिनेटसोबत येणाऱ्या '५०० वॅट'च्या डब्यांवर १२ व्होल्टची बेरीज कितीतरी कमी भरते, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात आणि तिथे आज कोणी फारसे ओढत नाही.

आता हिशेब. ५०७० घेते २५० वॅट. ५६०० ची कमाल मर्यादा ७६. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. झाले ३७६, म्हणजे क्षमतेच्या ६८ टक्के. ६५० चा आकडा कंपनी अशासाठी देते की ग्राहकाकडे कुठला प्रोसेसर आणि कुठल्या दर्जाचा एसएमपीएस आहे हे तिला ठाऊक नसते. हाताशी चांगले युनिट असताना ते भंगारात काढणे मला मान्य नाही.

कपॅसिटर_फुगला
बेरीज बरोबर, निष्कर्ष चूक. २५० ही सरासरी आहे. हल्लीची कार्डे क्षणभर त्याच्या बऱ्याच वर उडी मारतात. म्हणून तर २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात अट आली की ४५० वॅटच्या वरच्या, नव्या कार्डांचा सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे. सहा वर्षांपूर्वीच्या डिझाइनला असली अट नव्हती.

दुसरे म्हणजे वय. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. आतला रोध वाढत जातो, रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) वाढतो आणि अचानक मागणी आली की व्होल्टेज जास्त खाली बसते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असेल, तर ४० अंशांवर रेटिंग दिलेल्या युनिटकडून पूर्ण ताकदीची अपेक्षाच धरता येत नाही. तुमच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात ते तापमान दिले आहे का, हे आधी बघा.

बारा_व्होल्ट
झटक्याचा मुद्दा लोक सरसकट ताणतात. १०० मायक्रोसेकंदांची उडी आउटपुटचे कपॅसिटर झेलतात, संरक्षण सर्किट इतक्या झटपट पडत नाही. खरा धोका काही मिलिसेकंद टिकणाऱ्या उडीचा. आणि त्यावर फुकटचा उपाय आहे: आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८५ टक्के. कार्ड २१२ वॅटवर येते, फ्रेम किरकोळ कमी होतात. वय मात्र मान्य. आठ-नऊ वर्षांचा असता तर मीही बदला म्हणालो असतो.

स्वस्त_आणि_मस्त
केबल एकच असेल तर दुसऱ्या आठ पिनांसाठी साटाचे (डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरचे) अडॅप्टर लावून टाका. बाजारात सहज मिळते.

कपॅसिटर_फुगला
हे अजिबात करू नका. साटा पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीला १.५ अँपिअर. एकूण ५४ वॅट. आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅटपर्यंत मागू शकतो. प्लास्टिक वितळते, कधी पेटतेही.

खुद्द एका केबलचाही हिशेब करा. ५०७० च्या सोळा पिनांसाठी सोबत येणारे अडॅप्टर दोन आठ-पिना मागते. दोन्ही एकाच केबलवरून दिल्या तर २५० वॅट, म्हणजे जवळपास २१ अँपिअर, एसएमपीएसकडच्या तीन तारांतून जाणार. दर तारेवर ७ अँपिअर, सतत, सहा वर्षे तापलेल्या कनेक्टरमधून. दोन स्वतंत्र केबल असत्या तर ५५० ला माझा विरोध निम्मा मावळला असता. आणि एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर दुसऱ्या मॉडेलची केबल उसनी आणू नका. एसएमपीएसकडच्या बाजूची पिनरचना प्रमाणित नसते. खोचली जाते बरोबर, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क मरते.

तीन_पिन
दोघेही भिंतीकडे बघत नाही आहात. ३७६ वॅट आत लागले तर ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ४४० च्या आसपास ओढले जातील, मॉनिटर वेगळा. घरोघरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना वीज गेली की तो ओव्हरलोड होऊन बंद पडणार आणि दोष एसएमपीएसला लागणार. किमान १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. नवा घेताना हेही लक्षात असू द्या: एटीएक्स ३.१ मध्ये पूर्ण लोडवरचा होल्ड-अप टाइम (वीज गेल्यावर एसएमपीएस तग धरतो तो काळ) १७ वरून १२ मिलिसेकंदांवर आणलाय. ७५० चा घेतलात तर निम्म्याच लोडवर चालेल, त्यामुळे यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंत तग धरेल. माझे मत ७५० ला पडते ते याच कारणाने, झटक्यांमुळे नव्हे.

अर्थिंगही तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. फिल्टरच्या कपॅसिटरमधून गळणारा प्रवाह तुमच्यातून जातोय.

जुना_रिग
केबलचा मुद्दा पटला, मॉड्युलर नाहीये. तरी नव्या एसएमपीएसच्या आधी कार्ड येणार. तोवर काय करू?

बारा_व्होल्ट
पॉवर लिमिट ८५ वर. सोळा पिनांचा कनेक्टर टक होईपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून निदान ३५ मिमी तार सरळ ठेवा. मग ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट अर्धा तास. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारांवर मल्टिमीटर धरा, ११.४ व्होल्टच्या खाली गेले तर लगेच थांबवा. मशीन धाडकन बंद झाले आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ (नीट बंद न होता मशीन गेल्याची नोंद) दिसले, त्याआधी निळा स्क्रीन नव्हता, तर पहिला संशय एसएमपीएसवर.

कपॅसिटर_फुगला
चाचणी संपल्या संपल्या मशीन बंद करून प्लग काढा आणि एसएमपीएसमधून केबल बाहेर येते तिथे हात लावून बघा. हात ठेववत नसेल, तर मल्टिमीटर काहीही म्हणो, गेम लावू नका. आणि ही चाचणी दुपारी, पंखा-एसी बंद ठेवून घ्या. रात्री पास झालेले युनिट दुपारी पडते.