समुद्राकाठच्या शहरांत गेल्यावर तुम्ही कुठं जेवता? विदर्भातल्या गावकऱ्यांचा अनुभव धागा

आर्वी, जि. वर्धा
आपल्या गावांहून मुंबई म्हणजे रेल्वेनं सातशे-आठशे किलोमीटर. तरी कोणी दवाखान्यासाठी जातं, कोणी परीक्षेला, कोणी दर्शनाला, कोणी लेकीच्या घरी. मुक्कामाची सोय झाली की लगेच जेवणाचा प्रश्न येतो. इंटरनेटवरच्या याद्या हौसेनं फिरणाऱ्यांसाठी असतात. बॅगा घेऊन आत बसू देतात का, एकट्या बाईला अवघडल्यासारखं होत नाही ना, भाकरी मिळते का, माळकऱ्याची सोय आहे का, हे त्यांत कुठंच नसतं. म्हणून हा धागा. जिथं स्वतः जेवलात तेवढंच लिहा, आणि नक्की काय मागवायचं तेही लिहा.

सुरुवात मी करते. आपल्या बऱ्याच गाड्या सकाळी सीएसएमटीला लागतात. तिथून रस्ता ओलांडला की बाजारगेटच्या गल्लीत पंचम पुरीवाला आहे. स्टेशनची इमारत १८८८ साली पूर्ण झाली आणि हे दुकान त्याच्याही आधीचं असल्याचं सांगतात. जागा अगदी साधी. पुरी कढईतून निघते ती सरळ ताटात येते, सोबत बटाट्याची रसभाजी. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला एवढं पुरतं. गोतावळा मोठा असेल तर दोघांनी सामानाजवळ थांबायचं आणि बाकीच्यांनी आधी खाऊन घ्यायचं, कारण आत जागा थोडी आहे. एकटी गेले तेव्हाही मला तिथं परकं वाटलं नाही, शेजारी कचेरीत जाणाऱ्या बायका बसलेल्या होत्या.

दर्यापूर, जि. अमरावती
ताई, माह्या बाबाले टाटाले, म्हंजे मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यात, नेलं होतं. दादरच्या गाडगेबाबाच्या धर्मशाळेत जागा भेटली. गाडगेबाबा म्हंजे आपल्या शेंडगावचे, आमच्या बाजूच्या अंजनगाव तालुक्यातले. त्याइच्या नावाच्या जागेत पाय ठेवला अन् जीव थोडा खाली पडला.

बाबाले गिळाले लय तरास होता. तिखट त बंदच होतं. अशा टायमाले हाटेलात काय मागाव हेच समजत नाही. दादर स्टेशनच्या पश्चिमेले मामा काण्याइचं उपाहारगृह हाय, १९१० सालचं. थ्या ठिकाणी वरण-भात खाऊ घातला. वरणाले तिखट नव्हतं, वरून तूप घातलं, भात बोटानं चांगला कुस्करून देला. बाबानं कितीक दिवसांनंतर वाटी पुसून खाल्ली. मी समोर बसून नुसतं पाहत राह्यलो, माहं जेवण मंग झालं.

दुसरं सांगतो, शिवाजी पार्काच्या अंगाले प्रकाश म्हणून हाय. लोकं तथी साबुदाणावड्यासाठी रांग लावतात, पण आमच्या कामाचं होतं त्याइचं पीयूष. श्रीखंडासारखी चव अन् ताकासारखं पातळ, जायफळाचा वास. घशाखाली उतरते अन् पोटालेही आधार होते. डॉक्टरले इचारून मंगच देजा. ज्याइचा माणूस टाटाले भरती असन त्याइनं दादरचा हा भाग पायी फिरून पाहून ठेवजा, कामी येते.

कारंजा (लाड), जि. वाशीम
दर्यापूरच्या दादांनी लिहिलं ते वाचून डोळे भरले. बाबा बरे असोत.

टाटाजवळ राहणाऱ्यांसाठी अजून एक. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाला लागून रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या, ताक. रसम आधी चाखा, झेपलं तरच घ्या. दुपारी वेळेत पोहोचा, उशीर झाला तर रांग मोठी असते.

साकोली, जि. भंडारा
आम्ही तलावाकाठची माणसं. मालगुजारी तलावांची मासोळी खात लहानाचे मोठे झालो. मरळ, वाम, रोहू, कतला, झिंगे. त्यामुळे मालवणला गेलो तेव्हा मला समुद्रापेक्षा मासोळी बघायची घाई होती.

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव बघितला. टोपल्या वाळूवर मांडलेल्या, भोवती बायका उभ्या, आकडा पुकारला जातो आणि डोळ्यांदेखत टोपली उचलली जाते. आमच्याकडं ढिवर लोक जाळं काढतात तेव्हा काठावर असाच गलका असतो. त्या बायकांनाच विचारलं की उद्या जेवायला कुठं जाऊ. दोघींनी अतिथी बांबूचं नाव घेतलं.

दुपारी साडेबाराला जाऊन बसलो. ताटात तळलेली सुरमई, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. सुरमईला मधे एकच मोठा काटा, तो उचलला की बाकी सगळं मांस. रोहूचे बारीक काटे जिभेनं शोधत खाणाऱ्या माणसाला हे सुख काय ते कळेल. बांगड्याच्या रश्शात काळपट, मिरीपेक्षा थोडी मोठी फळं दिसतील. ती तिरफळं. चव रश्शात उतरलेली असते, ती बाजूला काढायची. दाताखाली आलं की जीभ बधिर होते. वाढणाऱ्या पोरानं हे आधीच सांगितलं, फार बरं वाटलं.

आमच्या रश्शात सुकं खोबरं थोडकं आणि तिखट भरपूर. तिथं ओलं खोबरं. पहिले दोन घास वेगळे लागले, तिसऱ्यापासून भात मागत गेलो. सोलकढी शेवटी प्या, मधे नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ताजं खायचं असेल तर पेरणीच्या आधी, मे महिन्यातच उरका, किंवा थेट दिवाळीनंतर धान निघालं की जा.

देवरी, जि. गोंदिया
साकोलीच्या भाऊंनी बंदीचं लिहिलं ते बरं केलं. पूर्व किनाऱ्यावर तारखा वेगळ्या आहेत, १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे आपली उन्हाळ्याची मोकळीक आणि तिकडची बंदी एकाच वेळी येते. आम्ही जानेवारीत गेलो विशाखापट्टणमला. गोंदियाहून समता एक्स्प्रेस सरळ जाते, मुंबईपेक्षा आम्हाला तेच सोयीचं.

आम्ही भात खाणारे, तिकडचेही भात खाणारे. दुपारी कुठल्याही साध्या मेसमध्ये ‘मील्स’ म्हणा. पानावर भाताचा ढीग, त्यावर पप्पू म्हणजे घट्ट वरण, तूप, आणि बाजूला गोंगुऱ्याची चटणी. गोंगुरा म्हणजे आपली आंबाडी हो! माझी आई परमुलखात सहसा जेवत नाही. तिनं ती चटणी बोटावर घेतली, चाखली, आणि वाढणाऱ्याला खुणेनं अजून मागितली. त्याला मराठी येत नव्हती, आईला तेलुगू नाही, पण त्यानं नंतर प्रत्येक फेरीला तिच्याच पानाजवळ आधी थांबायचं ठरवलेलं दिसलं. आईनं पैसे द्यायच्या आधी त्याला हात जोडले.

संध्याकाळी आरके बीचवर मुरमुऱ्याचं मिक्श्चर घ्या, कांदा, टोमॅटो, लिंबू घालून समोर कालवून देतात. सकाळच्या इडली-डोशाला साईराम पार्लर चांगलं, शुद्ध शाकाहारी.

राजुरा, जि. चंद्रपूर
बल्लारशाहहून चेन्नईला जाणाऱ्यांनी ट्रिप्लिकेनमधलं रत्ना कॅफे सोडू नये. इडली येते, मागून माणूस भांडं घेऊन येतो आणि इडली बुडेपर्यंत सांबार ओततो. पुन्हा मागा, पुन्हा ओततो. मरीना तिथून जवळ आहे. वाळूत बसून सुंडल खा, उकडलेले वाटाणे, खोबरं आणि कैरी.

दिग्रस, जि. यवतमाळ
पणजी. सकाळी कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले, पातळ भाजी-पाव आणि गोडसर बन. गोव्याचं नाव काढलं की गावात लोक भलतंच समजतात. मी बायको-पोरं, सासूबाई सगळ्यांना घेऊन गेलो, या दोन्ही ठिकाणी कुटुंबं बसलेली असतात, चिंता करू नका.

खामगाव, जि. बुलढाणा
आम्ही माळकरी. कांदा-लसूणही पाळणारी मंडळी सोबत होती, म्हणून पुरीला जाताना दशम्या, चटण्या बांधून घेतल्या होत्या. अकोल्याहून पुरी एक्स्प्रेस आहे. तिथं जगन्नाथाच्या मंदिराच्या आवारातच आनंद बाजार आहे. देवाला नैवेद्य झाला की महाप्रसाद तिथं मातीच्या मडक्यांतून विकायला येतो. भात, डाळ, कच्ची केळी, सुरण, भोपळा यांची भाजी. कांदा-लसूण नाहीच, बटाटा आणि टोमॅटोही चालत नाहीत. एकदा वापरलेलं मडकं पुन्हा चुलीवर चढत नाही.

जमिनीवर पानं मांडून सगळे शेजारी शेजारी बसतात. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, कोणी विचारत नाही. एकाच मडक्यातलं आम्ही आणि ओळख नसलेलं एक बंगाली कुटुंब मिळून जेवलो. पंढरीच्या काल्याला जे वाटतं तेच तिथं वाटलं, माझ्या मनातली ही सगळ्यांत मोठी जागा आहे. दर आधी विचारून घ्या, किती माणसांना किती मडकी लागतील ते विक्रेते सांगतात. दुपार धरून जा. दशम्या परतीच्या गाडीत उपयोगी पडल्या.

मूर्तिजापूर, जि. अकोला
आम्ही पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला जातोय. सोबत वयस्कर मंडळी, सगळे शाकाहारी. कोणी जेवलंय का तिकडं?

कारंजा (लाड), जि. वाशीम
भाऊ जोशींचं भोजनालय विचारा, कोणीही दाखवेल. घरगुती ताट, आमसुलाचं सार, गरम भात. उकडीचे मोदक हवे असतील तर पोहोचल्या पोहोचल्या सांगून ठेवा, किती हवेत ते नगावर सांगा. मोदक फोडून त्यात तूप सोडायला वाढपी येतो, त्याला नको म्हणू नका. वयस्कर माणसांसाठी भात थोडा मऊ मागितला तर तोही मिळाला आम्हाला.