१९८५ च्या गावावर निळे पत्रे?

औसा रोड: काल इथं एकानं लिहिलं, "लातूरकडच्या त्या नव्या गाण्याच्या व्हिडिओत तीन पिढ्यांचा काळ हुबेहूब उतरलाय." राहवलं नाही. प्रसंग १९८५ चा आणि अख्ख्या आळीवर चकचकीत निळे पत्रे! आमच्याकडं तेव्हा माळवदं होती. दगडी भिंती, वर लाकडं, त्यावर पांढरी माती, दर पावसाळ्याआधी नवा थर. सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, चुलीपाशी उजेडाचा गोल पडायचा, आजी त्यावरून वेळ सांगायची. लोक पत्र्याखाली आले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर. चित्र पिवळट केलं की काळ जुना होत नाही.

कॅमेरावाला: मी असेच व्हिडिओ शूट करतो. दोन दिवसांत सगळं उरकायचं असतं. धड माळवद आता उरलंय कुठं? पोरांनी कंदील, शटरचा टीव्ही, राजदूत मोटारसायकल जमवली, ते नाही दिसलं?

उदगीरचा मास्तर: राजदूत दिसली, नंबरही दिसला. एमएच ३८, म्हणजे हिंगोलीची! हिंगोली जिल्हाच झाला १ मे १९९९ ला. पाटीवर चिकटपट्टी लावायला किती पैसे लागतात?

कॅमेरावाला: पाटी चुकली, बरं. पण लोक गाणं ऐकायला येतात, पाट्या वाचायला नाही.

तेरणाकाठ: औसा रोड, "आमच्याकडं" म्हणजे कुणाकडं? आमच्या वस्तीत एक माळवद नव्हतं. कुडाच्या भिंती, वर पाचट, नाहीतर जुने पत्रे. तुमच्या वाड्यालाच गाव समजायलात.

औसा रोड: वाडा काढू नका! भूकंपाच्या आदल्या दिवशी गणपती बोळवून दमून झोपलो होतो. चारला चार मिनिटं कमी असताना तेच माळवद अंगावर आलं. आजी त्या मातीतच गेली.

तेरणाकाठ: आजीचं ऐकून वाईट वाटलं. पण ऐका. आमचं कुडाचं घर त्या पहाटे उभं राहिलं. आई तिथूनच उठून दगडामातीच्या घरांतली माणसं उकरायला गेली, तिची नखं निघाली होती. ते घर कुठल्या व्हिडिओत बघितलंत?

उदगीरचा मास्तर: विषय व्हिडिओचा होता.

तेरणाकाठ: मग मी कशाचं बोलायलोय?

औसा रोड: वस्तीत पत्रे असतील, मानतो. पण निळे नव्हते. गंजके होते, वर धोंडे ठेवलेले.

तेरणाकाठ: धोंडे होते. वावटळीत पत्रा उडायचा. पावसात आई म्हणायची, धोंडा जागचा हलला का बघ, मग मी वर चढायचो. तेवढा एक धोंडा ठेवला असता त्यांनी, तर मी गप्प बसलो असतो.