‘सेन्सॉर्ड’ निरीक्षणाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : औषधचाचणीच्या अहवालात ‘सेन्सॉर्ड’ रुग्णांसाठी ‘गहाळ नोंदी’ चालेल का?

– ‘गहाळ’ नको. गहाळ म्हणजे हाती काहीच नाही. सेन्सॉर्ड रुग्णाचे निरीक्षण अपेक्षित घटना दिसण्याआधीच थांबलेले असते, पण किमान एवढे ठाऊक असते, की अमुक आठवड्यापर्यंत ती घडलेली नव्हती. १९६३ची ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) प्रसिद्ध चाचणी घ्या. ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध घेणाऱ्या २१ रुग्णांपैकी ९ जणांचा आजार उलटला, म्हणजे बरा वाटून पुन्हा परतला. उरलेले १२ सेन्सॉर्ड. या बाराजणांना ‘गहाळ’ समजून वगळले, तर आजार उलटेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांचा आजार उलटायला लागलेला काळ) १० आठवडे येतो. सेन्सॉर्ड रुग्णांनाही निरीक्षणात असेपर्यंत हिशेबात धरणाऱ्या कॅपलान-मायर पद्धतीने तो २३ आठवडे आहे. वगळले जातात ते बहुतेक बराच काळ बरे राहिलेलेच, त्यामुळे औषध आहे त्यापेक्षा निकामी दिसते.

– या पद्धतीचा हिशेब असा : सहाव्या आठवड्यात २१ पैकी तिघांचा आजार उलटला, म्हणून न उलटलेल्यांचे प्रमाण १८/२१ = ०.८५७. त्याच आठवड्यात एक जण सेन्सॉर्ड झाला. तो सहाव्याच्या छेदात धरायचा, सातव्याच्या नाही. म्हणून सातव्यात १७ उरतात, एकाचा उलटतो : ०.८५७ × १६/१७ = ०.८०७. चूक होते ती नेमकी या छेदात.

– मग ‘छाटलेली नोंद’?

– तेही नको, ‘छाटणे’ ट्रंकेशनसाठी राखून ठेवावे. तिथे माणूस यादीत येतच नाही. इथे तो यादीत असतो, फक्त शेवट दिसत नाही. ‘अपूर्ण कालनोंद’ मला सर्वांत जवळचा वाटतो. पहिल्या उल्लेखाला ‘सेन्सॉर्ड, म्हणजे अपूर्ण कालनोंद’ असे लिहा, पुढे ‘सेन्सॉर्ड’च ठेवा. चित्रपटाच्या सेन्सॉरमुळे वाचकाला कोणी माहिती दडपल्यासारखे वाटते, म्हणून हा खुलासा हवाच.

– नोंद कशामुळे अपूर्ण राहिली, हेही अहवालात यायला हवे. अभ्यास संपला म्हणून थांबलेली नोंद आणि प्रकृती ढासळल्याने रुग्ण निघून गेला म्हणून थांबलेली नोंद, या दोन्हींना शब्द एकच. पण दुसऱ्या प्रकारात कॅपलान-मायरचे गृहीतकच मोडते. सेन्सॉर झालेल्यांचा धोका मागे राहिलेल्यांइतकाच असतो, असे ती पद्धत धरून चालते. असे रुग्ण एका गटात जास्त असतील, तर आलेख त्या गटाला नको तितका चांगला दाखवतो.

– आणि ‘सर्व्हायव्हल’ला सरसकट ‘जगणे’ लिहू नका. वरच्या चाचणीत घटना आजार उलटण्याची आहे, मृत्यूची नाही. तिथे ‘घटनेपर्यंतचा काळ’ लिहा.