नागपूर आणि दुर्गचा पोळा इतका सारखा कसा?

प्रश्न (महाल, नागपूर)

आमच्याकडे यंदा छत्तीसगढमधल्या दुर्गहून सून आली. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, मी माळ्यावरचा चाकांचा लाकडी बैल पुसून खाली काढला, तेव्हा तिने माहेराहून आणलेला मातीचा बैल त्याच्या शेजारी ठेवला. त्यालाही चार चाके होती, तीही मातीचीच. तिच्याकडे या बैलाला नांदिया बैला आणि सणाला पोरा म्हणतात. नैवेद्याला तिने ठेठरी आणि खुरमी केली, मी पुरणपोळी केली. राज्य वेगळे, बोली वेगळी, तरी तिथी तीच आणि मुलांच्या हातातले खेळणेही तेच, हे पाहून मला फार आनंद झाला. हे साम्य नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यामुळे आले की त्याच्याही आधीचे आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (रामटेक)

ताई, मी भूगोल शिकवत असे, म्हणून सुरुवात नद्यांपासून करतो. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्यातून खाली येतात; वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटमार्गे गोंदिया-भंडाऱ्यात उतरते; वर्धा नदीचा उगमही बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ आहे. नागपूरकर सकाळी नळाला जे पाणी भरतात, त्यातले पुष्कळसे पेंचचे, म्हणजे मूळचे मध्य प्रदेशातले असते. जमिनीखालीही हीच गोष्ट आहे. आमच्या मनसरच्या खाणीत मिळणारे मँगनीज भंडारा आणि बालाघाटपर्यंत एकाच पट्ट्यात आढळते, आणि भूगर्भशास्त्रज्ञ त्या खडकांच्या समूहाला सौंसर गावाचे नाव देतात. ज्या प्रदेशाचे पाणी आणि खडक एक आहेत, तिथली शेती आणि शेतीचे सण सारखे असणारच, असे माझे मत आहे.

उत्तर २ (सौंसर)

गुरुजी, आमच्या गावाचे नाव आपण घेतलेत म्हणून लिहितो. मातीचे म्हणणे खरे आहे, पण राज्यकारभाराचा वाटा इतका थोडा मानू नये. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचा गोंड राजा, आणि देवगड आमच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. पुढे भोसल्यांचे राज्य छत्तीसगढपर्यंत पोचले आणि बिंबाजी भोसले रतनपूरहून तिथला कारभार पाहू लागले. 1861 साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर होती, आणि स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाचीही राजधानी 1956 पर्यंत नागपूरच राहिली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे दुर्गच्या माणसाला राजधानीच्या कामासाठी नागपुरातच यावे लागत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर, पांढुर्णा ही मराठी बोलणारी गावे मध्य प्रदेशातच राहिली. आमच्या घरात आजही मराठीच बोलली जाते, मात्र मुले शाळेत हिंदी शिकतात, याची खंत वाटते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, होते. नागपंचमीला नागद्वारसाठी आणि महाशिवरात्रीला चौरागडासाठी विदर्भातली माणसे त्रिशूळ घेऊन पचमढीला जातात, ती आमच्याच वाटेने. या यात्रा कोणत्या राजाने सुरू करून दिलेल्या नाहीत, इतके मी गुरुजींच्या बाजूने मान्य करतो.

उत्तर ३ (गोंदिया)

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु ताईंचा प्रश्न दुर्गचा होता आणि दुर्गची वाट आमच्याकडून जाते. साम्य सर्व दिशांना एकसारखे नाही. नागपूरच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, म्हणजे वर्ध्याकडे व सौंसरकडे, कापूस आणि संत्री आहेत. पूर्वेला पाऊस वाढत जातो आणि भंडाऱ्यापासून थेट छत्तीसगढपर्यंत धानाचे बांध लागतात. आमचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांचे (जमीनदारांचे) तलाव, या धानासाठीच बांधलेले आहेत. बोलीचेही तसेच आहे. पोवारी गोंदियातही ऐकू येते आणि बालाघाटातही. नागपूरकडचा माणूस "मले, तुले" म्हणतो, छत्तीसगढी माणूस "मोला, तोला" म्हणतो. आणि आपले "जाऊन राहिलो" हिंदीच्या "जा रहा हूँ"च्या किती जवळचे आहे, हे पुण्याच्या पाहुण्याला लगेच जाणवते.

पोळ्याचे कारण मला साधे दिसते. श्रावण अमावास्येपर्यंत धानाची चिखलणी आणि रोवणी (लावणी) आटोपते, कापसाच्या भागात डवरणीचा (कोळपणीचा) जोर ओसरतो, आणि बैलाच्या खांद्याला प्रथमच विसावा मिळतो. आदल्या संध्याकाळी माझे वडील बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकत आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैल मान हलवायचा आणि आम्हा मुलांना वाटायचे की त्याने होकार दिला. भोसल्यांची सत्ता येण्याआधीही इथे बैल होते आणि धान होते, म्हणून हा सण त्याहून जुना असावा, असे मला वाटते. भोसल्यांनी आणि पुढे मध्य प्रांताने माणसांचे येणे-जाणे वाढवले, हे मात्र निश्चित.

प्रश्नकर्तीचे उत्तर (महाल, नागपूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आवतनाची ओळ मी सुनेला वाचून दाखवली, तेव्हा तिने ती पुन्हा म्हणायला सांगितली आणि लिहून घेतली. आमच्याकडे जी हरतालिका, तीच तिच्याकडे तिजा, आणि तिजेला लेकीला माहेरी नेतात. त्यामुळे परवा तिचा भाऊ तिला न्यायला येत आहे. त्याच्या लहान मुलासाठी मी महालातून एक लाकडी बैल आणून ठेवला आहे. मातीचा बैल मात्र आमच्या देवघराशेजारीच राहील; त्याचे एक चाक नातवाने ओढताना तुटले आहे, ते भाऊ येताना दुर्गहून घेऊन येणार आहे.