घराघरांतली लक्ष्मी, मोजक्याच प्रतींत?

शिळाछाप: पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांच्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' (2000-2004) या छायाचित्रमालेवर निगेटिव्हवाला यांनी काल लिहिलं: "फोटोची मर्यादित आवृत्ती ही शुद्ध फसवणूक, निगेटिव्ह आहे तोवर हव्या तेवढ्या प्रती निघतात." निघतात की! लिथोच्या, म्हणजे दगडी छपाईच्या, शिळेवरूनही निघतात. आवृत्ती हा 'इतक्याच प्रती काढेन' असा कलावंताने दिलेला शब्द असतो. तो कागदावर हवा: एकूण प्रती, आर्टिस्ट प्रूफ (कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या जादा प्रती) किती, आकार, कागद, प्रक्रिया, छपाईचं साल, सही. नुसतं '3/10' (दहांतली तिसरी प्रत) पुरत नाही.

निगेटिव्हवाला: शब्दाची किंमत न्यूयॉर्कच्या कोर्टात कळली. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टनने जुन्या डाय-ट्रान्सफर (कागदावर रंग उतरवायची जुनी छपाई) चित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रती काढल्या. 2012 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात अशा 36 प्रतींचे 59 लाख डॉलर आले. जुन्या मर्यादित प्रती घेतलेल्या संग्राहकाने दावा लावला, तो 2013 मध्ये फेटाळला गेला. आकार आणि प्रक्रिया बदलली की नवी आवृत्ती! आता बोला.

तिसरी खिडकी: तुम्ही दोघं चित्रातली बाईच विसरलात. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्याच्या ओलिओग्राफांनी (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांनी) देवी कशी दिसते ते घराघरांत ठरवून टाकलं. या मालेत पुष्पमाला स्वतः त्या लक्ष्मीच्या वेशात उभ्या राहतात. निलगिरीतल्या तोडा जमातीच्या स्त्रीच्या फोटोत मागे चौकटींचा पडदा आहे. मानववंशाचा अभ्यासक लॅम्प्रे याने 1869 मध्ये माणसाचं शरीर मोजायला दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणलेली चौकट सुचवली होती, तिचीच ही आठवण. बाईला साच्यात कुणी बसवलं, हा प्रश्न विचारणारं चित्र मोजक्या दिवाणखान्यांत का अडकावं?

कागदवाला: आधी प्रत टिकेल का ते बघा. सी-प्रिंटचे (रासायनिक प्रक्रियेने काढलेल्या रंगीत फोटोचे) रंग डाय असतात, उजेडात उडतातच, अंधारातही हळूहळू बदलतात. सुती कागदावरची पिगमेंट प्रिंट (रंगाच्या बारीक कणांच्या शाईची छपाई) जास्त टिकते, पण मॅट पृष्ठभागावर बोट घासलं तरी ओरखडा. पावसाळ्यात सी-प्रिंटचं जिलेटिन फुगतं आणि काचेला चिकटतं. सोडवायला गेलात की थर निघून येतो. म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट (पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (अंतर राखणारी पट्टी) हवाच. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने टांगा. सेलोटेप लावलीत तर तपकिरी डाग कायमचा. बाहेरच्या भिंतीवर लावायचंच असेल तर फ्रेममागे बुचाचे तुकडे लावा, हवा खेळली पाहिजे.

निगेटिव्हवाला: फ्रेमिंगचा धागा वेगळा काढा.

कागदवाला: मुळीच काढणार नाही. तुमचा आवृत्तीचा वाद इथेच येऊन अडतो. रंग उडाले आणि कलावंताने त्याच क्रमांकाची बदली प्रत दिली, तर जुनीचं काय? परत घेऊन नष्ट केली नाही तर दहाच्या अकरा झाल्या.

शिळाछाप: हे कलम माझ्या यादीत नव्हतं. चुकलंच. आणि 'इतर कोणत्याही आकारात काढणार नाही' हेही आधीच लिहून घ्यावं, म्हणजे एगल्स्टनसारखी पळवाट राहणार नाही.

निगेटिव्हवाला: ही दोन्ही कलमं लेखी असतील तर 'फसवणूक' शब्द मागे घेतो. नसतील तर नाही.

तिसरी खिडकी: खळ, बूच, कलमं, सगळं झालं. रविवर्म्याची लक्ष्मी बाजारात मिळायची. पुष्पमालांची मिळत नाही. यावर एकानेही उत्तर दिलेलं नाही.